शेततळ्याचे पाणी आणि माशांचा श्वास



शिरूर-दौंड भागात विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी शेततळ्यात साठवून त्यात रोहू, कटला, मृगळ सोडणारे बरेच शेतकरी आहेत. काही वेळा संध्याकाळी धडधाकट दिसलेले मासे पहाटे मरून तरंगताना दिसतात. कुणीतरी विष कालवलं असा संशय येतो. परंतु पुष्कळदा दोष पाण्यातच असतो.

पाण्यातलं शेवाळ आणि पाणगवत दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेच शेवाळ माशांबरोबर प्राणवायू वापरू लागतं. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. माशांना दर लिटर पाण्यात 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा. 3 च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड वासतात. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यामुळे उन्हाळ्यात आणि ढगाळ दिवसानंतर जास्त जपावं.

दुसरी गोष्ट सामूची. दिवसा शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, तेव्हा सामू चढतो, रात्री उतरतो. साडेसहा ते साडेआठ सामू चांगला. विहिरीच्या पाण्यातला विरघळलेला चुना ही चढउतार आवरून धरतो. पावसाच्या पाण्यात तो फार थोडा, आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीकडूनही मिळत नाही.

उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. सामू 7 असताना त्यातला शंभरात एक भागही विषारी नसतो. 9 झाला की तिसरा हिस्सा किंवा जास्तच विषारी बनतो. म्हणून शेजाऱ्यानं चुना टाकला, आपणही टाकू, असं करू नका. सामू आधीच चढलेला असेल तर चुन्यानं मासे वाचायचे तर नाहीतच, उलट मरतील.

मग करायचं काय?

1. सामू पट्टीनं दोनदा पाहावा, सूर्योदयापूर्वी आणि दुपारी तीनला. दोन्हींत फार फरक पडत असेल तर शेवाळ माजलंय किंवा पाण्यात चुना कमी आहे असं समजावं.

2. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा दिसेनासा होण्याइतकं पाणी गर्द हिरवं असेल तर शेण, युरिया टाकणं बंद.

3. शेवाळ, पाणगवत थोडं थोडं काढून बाहेर टाकावं. औषधानं एकदम मारलं तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं.

4. मासे तोंड वासू लागले तर त्या दिवशी खाद्य देऊ नये. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडावं. विहिरीचं ताजं पाणी सोडायचं तर तेही असंच. जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

चुन्याचं प्रमाण ठरवण्यापूर्वी पाणी तपासून घ्या. बारामती आणि नारायणगाव इथल्या कृषि विज्ञान केंद्रांत त्याची चौकशी करता येईल. बियाण्यावर खर्च करण्याआधी आपण जमीन तपासतो. मत्स्यबीजावर खर्च करण्याआधी पाणीही तपासावं.