समुपदेशनाच्या शिक्षणासाठी अर्ज करताना
(केंद्रसंमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



काही वर्षे सेवा झाली म्हणजे शिक्षकाला पुढील शिक्षणाचे वेध लागतात. आपल्यापैकी काहीजण समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळू इच्छितात, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून चार गोष्टी सांगतो.

हा विषय मोठ्या शहरांतील मोठ्या शाळांचा आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या सर्वांत खालच्या वर्गापासून व्हावा, असे सुचविले होते. त्याचे कारण उघड आहे. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल हंगाम संपल्यावर परत येते आणि मागच्या ओळीत मुकाट्याने बसते. त्याला शिक्षा करून भागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाईच केली आहे. अशा वेळी त्याचे ऐकून घेणे हाच मार्ग उरतो, आणि ऐकून घेणे ही शिकावी लागणारी विद्या आहे.

१९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद मार्गदर्शन व समुपदेशन या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालविते. त्यात घरी राहून करावयाचा अभ्यास, केंद्रावरील प्रत्यक्ष वर्ग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे तीन टप्पे असतात. पात्रता, शुल्क व मुदत यांसंबंधीचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रिकेवरूनच निश्चित करावेत. गुणपत्रके, सेवेचा दाखला व वरिष्ठांचे ना हरकत प्रमाणपत्र यांची तजवीज आधीपासून करावी. हे कागद शेवटच्या आठवड्यात हाती येत नसतात.

आता मुख्य मुद्दा. अर्जासोबत पुष्कळदा आपला हेतू लिहून द्यावा लागतो. “मला समाजसेवेची आवड आहे” हे वाक्य सर्वांच्याच अर्जात असते. त्यावरून परीक्षकाला काहीही बोध होत नाही. वर्गात आपण काय पाहिले, त्यावर काय केले, आणि कोणत्या ठिकाणी आपले ज्ञान अपुरे पडले, एवढेच साध्या शब्दांत लिहावे.

मात्र येथेच एक मोह संभवतो. आपला अर्ज उठून दिसावा म्हणून एखाद्या मुलाची करुण कहाणी सविस्तर लिहिली जाते. नाव गाळले तरी “सातवीतील मुलगी, वडील व्यसनी, आई माहेरी” एवढ्या वर्णनावरून लहान गावात ती कोण हे लगेच कळते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही त्याची ठेव आहे. आपल्या प्रवेशासाठी ती खर्च करण्याचा आपणांस अधिकार नाही. म्हणून ओळख पटेल असा तपशील कटाक्षाने टाळावा.

तथापि या गुप्ततेलाही मर्यादा आहे, हे मुलाखतीला जाण्यापूर्वी पक्के ध्यानात असावे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. यास्तव “मी हे कोणालाही सांगणार नाही” असे वचन मुलाला कधीही देऊ नये. “तुझ्या रक्षणासाठी लागेल तेवढेच, आणि योग्य त्या व्यक्तीलाच सांगेन,” असे म्हणावे.

समुपदेशन या शब्दात ‘उपदेश’ आहे खरा. परंतु या कामात उपदेशाला स्थान थोडे आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली या कार्याच्या आवश्यक अटी मांडल्या. समुपदेशकाचा प्रामाणिकपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या दृष्टीने त्याचे दुःख जाणून घेणे, या त्यांतील प्रमुख होत. ज्याला दिवसभर सांगण्याची सवय आहे, अशा शिक्षकाला त्या पाळणे कठीण जाते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी एक महिनाभर, रोज एका मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून पाहावे. त्यात मन रमले, तर अर्ज अवश्य करावा. न रमल्यास दुसरा विषय निवडण्यात कमीपणा नाही. आणि प्रवेश मिळो वा न मिळो, त्या महिन्यात ज्या मुलांचे ऐकून घेतले जाईल, त्यांचा लाभ तर झालेलाच असेल.