मॉरिशसच्या मळ्यातील एक नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी व्हावीत, हळदीकुंकू व्हावे, हे मलाही आवडते. तरी आज थोडा वेळ मी तुम्हांला हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर नेणार आहे. ते बेट आपल्याला अगदीच परके नाही. १८३४ पासून तेथील ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत आपले कोकणातले लोकही होते. मोहन्यात रेयॉनच्या कारखान्यापायी जशी गावोगावची बिऱ्हाडे आली, तशीच ती माणसे पोटासाठी गेली. मात्र त्यांना सणाला गावी जायला एस.टी. नव्हती. तरीही त्यांच्या लेकरांनी गणपती सोडला नाही आणि झाकडीचा नाचही सोडला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुधा सेनापतींच्या आणि मोठ्या राष्ट्रांच्या. मॉरिशस १८१० पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. लंडनने युद्ध पुकारले आणि बेट युद्धात ओढले गेले. तेथल्या माणसांना कोणी विचारले नाही. हजारो तरुण पायोनियर दलात भरती होऊन इजिप्त व उत्तर आफ्रिकेत गेले. त्यांचे काम बंदुकीचे थोडे आणि कष्टाचे फार. जहाजे उतरवायची, रस्ते करायचे, दारूगोळा वाहायचा. अशा कामाचे पोवाडे होत नाहीत. पण गोळा वाहून आणणारा कोणी नसेल, तर तोफ काय करील?

आता घरी राहिलेल्या बायांचे ऐका. बेटावर जिकडेतिकडे ऊस. भाताचा तांदूळ ब्रह्मदेशातून येई. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तांदूळ बंद झाला. समुद्रात पाणबुड्यांचे भय, त्यामुळे जहाजे कमी. मग मका आला, आणि ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तो कंद आला. भाताची सवय असलेल्या पोरांना हे खाऊ घालणे म्हणजे काय, ते ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. त्याच बाया पुरुषांपेक्षा कमी मजुरीवर उसात राबत होत्या. दुसरीकडे, बो बासाँ ह्या गावी शिकलेल्या मुली शत्रूच्या पकडलेल्या बिनतारी संदेशांची उकल करण्याच्या कामात होत्या. ते काम गुप्त, म्हणून त्याची वाच्यताही नाही.

महागाई चढत गेली, मजुरी मात्र तिच्या मागे रखडली. १९४३ च्या सप्टेंबरात बेटाच्या उत्तरेस बेल व्ह्यू आरेल येथील मळ्यातल्या मजुरांनी संप केला. २७ सप्टेंबरला पोलिसांनी गोळीबार केला. चार जण गेले. त्यांत अंजले कुपेन ही तामीळ घराण्यातली मजूर बाई होती. ती गरोदर होती. ज्या साम्राज्यासाठी बेटावरचे तरुण परदेशी राबत होते, त्याच साम्राज्याच्या पोलिसांची गोळी तिला लागली.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. आज तेथे अंजलेच्या नावाचे क्रीडांगण आहे. तिचे नाव राहिले, कारण तिच्या लोकांनी ते टाकले नाही. बाकी कितीजणींनी मुलांच्या पानात मका वाढून स्वतः पाणी पिऊन दिवस काढले असतील; त्यांची नावे कोणत्या दगडावर आहेत?

भगिनींनो, दगड उभारणे आपल्या हाती नाही, वही मात्र आहे. आपल्याही घराण्यांतून कोणी बोटीवर खलाशी म्हणून, कोणी पलटणीत त्या युद्धात गेले असतील. आणि मागे कोणीतरी घर चालवले असेल. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नोंद आहे. चूल पेटती ठेवणाऱ्या त्यांच्या बायकांची नोंद तेथे नाही. ती आपणच करायची आहे. घरी गेल्यावर सासूबाईंना, आत्याबाईंना विचारा. जे आठवेल ते नाव-गावासह लिहून मंडळात आणा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.