शाहिराची लेखणी



अण्णाभाऊ साठे १९२० साली वाटेगावी जन्मले. शाळेचे दार त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच होते. तमाशाच्या फडात ते घडले, मुंबईत गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभारले. पोवाडे, लोकनाट्ये, कथा, कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. तरीही घाटकोपरच्या झोपडीत दारिद्र्य सुटले नाही. १९६९ साली ते निवर्तले.

म्हणून सांगतो, मुलांना शाळेत घालाच. पण घरातील डफ लाजेने फेकू नका. बलुत्यासाठी वाजविणे ही गुलामी होती. हक्कासाठी गाणे हा स्वाभिमान आहे. आणि आपल्या कलावंताला उपाशी ठेवू नका.