एकाच वेळी अनेक चाली



पॉलिफनी म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र चाली गाणे किंवा वाजवणे. व्याख्या एवढीच, पण तिच्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द सोडून चालणार नाही. आपल्या मैफलीत सारंगी गायकाच्या मागोमाग जाते, त्याची जागा उचलते, भरते. चाल एकच राहते. पॉलिफनीत साथीला असे कोणीच नसते. कुठलाही एक आवाज बाजूला काढून गायला, तरी ती धड चाल वाटली पाहिजे. मी हीच कसोटी मानतो.

या कसोटीवर ‘पॉलिफनी’ या शब्दाचे बाकीचे उपयोगही पारखून घ्यावेत. मोबाइलच्या ‘पॉलिफोनिक’ रिंगटोनची मध्यंतरी चलती होती. तिथे एका वेळी अनेक स्वर वाजतात, इतकाच अर्थ. मिखाइल बाख्तिन या रशियन समीक्षकाने १९२९ साली दोस्तोव्हस्कीच्या कादंबऱ्यांना हा शब्द लावला, तो मात्र जाणून. त्यांतली पात्रे लेखकाची मते बोलून दाखवत नाहीत, त्याच्याशी बरोबरीने वाद घालतात. केवळ पात्रे पुष्कळ आहेत म्हणून एखाद्या कादंबरीला पॉलिफोनिक म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्या कानांवर पॉलिफनीचा थोडा संस्कार हिंदी चित्रपटगीतांनी केला. त्यामागे गोव्याचे वादक होते. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसूझा यांचे. लताबाईंची ओळ चालू असताना खालून व्हायोलिनची वेगळीच चाल निघते, आणि गाणे गुणगुणताना तीही आपल्या ओठांवर येते.

अस्सल पॉलिफनी ऐकायची तर जर्मन संगीतकार बाखकडे जायला हवे. ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या त्याच्या कळवाद्यासाठीच्या रचनासंग्रहाच्या १७२२ च्या पहिल्या भागात सी मायनरचा तीन आवाजांचा फ्यूग आहे, जेमतेम दोन मिनिटांचा. फ्यूग म्हणजे एकच मुख्य चाल आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना. सी या स्वराला षड्ज धरा. मधला आवाज एकटाच सुरू होतो: सा नि सा, खाली पंचम, कोमल धैवत, पुन्हा सा नि सा, रिषभ. हा ‘सा नि सा’ तीनदा येतो आणि चाल कोमल गंधारावर उतरते. त्याच क्षणी वरचा आवाज जवळजवळ हीच चाल पंचमावरून उचलतो. पहिला आवाज मात्र थांबत नाही. तो सरसर खाली उतरणारी स्वतःची दुसरी चाल धरतो. थोड्या वेळाने खर्जातला आवाज मूळ चाल घेऊन येतो, तेव्हा खाली असलेली ती दुसरी चाल आता सर्वांत वर ऐकू येते. जागांची अदलाबदल झाली, तरी दोघींचे जमते. रचताना बाखला हे दोन्ही बाजूंनी तोलून पाहावे लागले असणार. या कारागिरीपुढे मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात.

हा फ्यूग आता आपण ऐकणार आहोत. पहिल्यांदा मुख्य चाल कुठे-कुठे उगवते, ते शोधा. घरी पुन्हा लावाल, तेव्हा तिचा नाद सोडा आणि मधला आवाज एकटा धरून शेवटपर्यंत जा. वरचे आणि खालचे स्वर त्याला ओढतील. तो पुन्हा-पुन्हा हातून सुटेल. सुटला की परत पकडा.