प्रकाशनाआधीचे बहात्तर तास

(तामसी येथील मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी आणि शेवटी सरकारकडे चार मागण्या कराव्यात, असा आपल्याकडे प्रघात आहे. तामसीत तर त्याला कारणही भरपूर. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण मात्र आदिलाबादमध्येच राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि आठवडी बाजारात गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू सगळंच. पण भाषेच्या रक्षणावर बोलणारे पुष्कळ आहेत. ही भाषा हल्ली ज्या यंत्रणेतून ये-जा करते, तिची तपासणी कोण करतं हे विचारणारे फार थोडे. म्हणून आजचा विषय अपाची वेब सर्व्हर, आणि त्यातही त्याची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीची चाचणी.

ब्राउझरने पान मागायचं आणि दूरच्या संगणकावरच्या एका प्रोग्रॅमने ते काढून द्यायचं, एवढाच हा व्यवहार. काढून देणारा तो वेब सर्व्हर. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी असा एक सर्व्हर लिहिला. १९९४च्या मध्याला ते तिथून बाहेर पडले आणि काम थंडावलं. संकेतस्थळं चालवणारी मंडळी आपापल्या दुरुस्त्या आपापल्या जागी करत राहिली. १९९५च्या फेब्रुवारीत त्यांच्यातल्या आठ जणांनी त्या एकत्र आणल्या. एप्रिलमध्ये अपाचीची ०.६.२ ही पहिली जाहीर आवृत्ती आली, १ डिसेंबरला १.० आली, आणि १९९६च्या एप्रिलपर्यंत नेटक्राफ्टच्या पाहणीत हाच जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर ठरला होता. पुढे एनजिनेक्स हा दुसरा सर्व्हर आला, मोठमोठ्या कंपन्यांनी आपले स्वतःचे सर्व्हर लिहिले आणि अपाचीचा वाटा बराच घटला. तरीही तो आजही असंख्य संकेतस्थळांच्या मुळाशी आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या यंत्रणेवर उभा आहे, तिच्यातही तो आहे.

हे सगळं फुकट. फुकट म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात: एक तर संशय, नाही तर गृहीत धरणं. दोन्ही चुकीच्या आहेत, कारण या फुकट मालाच्या प्रकाशनाची पद्धत कित्येक विकत मिळणाऱ्या मालापेक्षा कडक आहे.

ती पद्धत अशी. विकासाची मुख्य शाखा वेगळी आणि लोकांच्या हाती जाणारी स्थिर शाखा वेगळी. मुख्य शाखेत आधी बदल घालायचा, मग इतरांनी तो तपासायचा. स्थिर शाखेत उलट: एखादी दुरुस्ती तिथे आणायची असेल तर प्रस्ताव ‘स्टेटस’ नावाच्या फाइलमध्ये मांडायचा, तिघांचे ‘प्लस वन’, म्हणजे होकार, मिळवायचे आणि मगच ती आत घ्यायची. तांत्रिक कारण देऊन एकानेही नकाराधिकार वापरला की बदल अडतो. पुरेसे बदल जमले की एक सदस्य रिलीज मॅनेजर होतो, क्रमांक ठरवतो, सोर्स कोडचं गाठोडं बांधून त्यावर आपली डिजिटल सही करतो आणि मतदान पुकारतो. साधारण ७२ तास. किमान तीन अधिकृत सदस्यांचा होकार आणि नकारांपेक्षा होकार जास्त, एवढं झालं की आवृत्ती बाहेर पडते. इथे मात्र एकट्याचा नकाराधिकार चालत नाही.

या मतदानाची खरी गंमत एका अटीत आहे. होकार देणाऱ्याने ते गाठोडं स्वतःच्या यंत्रावर उतरवून घ्यायचं, सही पडताळायची, दिलेल्या कोडवरून प्रोग्रॅम स्वतः बांधायचा आणि चालवून पाहायचा. दुसऱ्याने पाहिलंय म्हणून हात वर केला, असं करायचं नाही. आपल्या संस्थांच्या वार्षिक सभांत ताळेबंद ‘वाचला असे समजून’ मंजूर होतात. ही अट तिथे लावली, तर कितीतरी सभा कोरमअभावी तहकूब होतील.

चाचणीसाठी पर्ल भाषेत लिहिलेला एक स्वतंत्र संच आहे. तो सर्व्हर खरोखर सुरू करतो, त्याला शेकडो तऱ्हेच्या मागण्या पाठवतो आणि आलेलं उत्तर अपेक्षेशी ताडून पाहतो. त्यात ‘सिक्युरिटी’ नावाचा एक कप्पा आहे, जुन्या दोषांवर लिहिलेल्या चाचण्यांचा. एकदा सापडलेलं भोक पुन्हा उघडलं तर तिथे कळावं, ही योजना. शिवाय लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस, विंडोज अशा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी माणसं तेच गाठोडं चालवून पाहतात. उमेदवार आवृत्ती नापास झाली तर तिचा क्रमांक जाळतात, पुन्हा वापरत नाहीत. २.४.३९ नंतर लोकांच्या हाती आली ती २.४.४१, मग २.४.४३, मग एकदम २.४.४६. मधले क्रमांक म्हणजे चाचणीत अडकलेले उमेदवार. आपल्याकडे एखादी आवृत्ती रद्द झाली तर नामुष्की वाटते. त्या मंडळींना क्रमांक स्वस्त वाटतो, आणि ते बरोबर आहे.

एवढं असूनही २०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे घडलं, ते इथे सविस्तर सांगायला हवं.

१६ सप्टेंबरला २.४.४९ बाहेर पडली. तिच्यात पत्ता सरळ करून घेणारा कोड नव्याने लिहिला होता. संगणकाच्या पत्त्यात लागोपाठ दोन टिंबं म्हणजे ‘एक पायरी वर चढ’. मागणी करणाऱ्याला असं वर चढू दिलं तर तो संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर पडून यंत्रावरच्या इतर फाइलींपर्यंत जाईल. म्हणून सर्व्हर दोन टिंबं शोधून अडवतो. पण पत्त्यात टिंब दोन प्रकारे लिहिता येतं: उघड, किंवा टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ‘दोन ई’ अशा सांकेतिक रूपात. नव्या कोडने दोन्ही टिंबं उघड असलेली जोडी ओळखली. पहिलं टिंब उघड आणि दुसरं सांकेतिक असलेली जोडी मात्र त्याच्या नजरेतून सुटली. फोल्डरबाहेरच्या फाइलींना ‘सर्वांना मनाई’ हा मूळ नियम ज्यांनी काढून टाकला होता, त्यांच्या यंत्रावरच्या फाइली उघड्या पडल्या. त्यात सीजीआय, म्हणजे सर्व्हरमार्फत प्रोग्रॅम चालवण्याची सोय, चालू असेल, तर बाहेरच्याला तिथे हुकूमही चालवता येत होता.

दोष कळवला गेला तो २९ सप्टेंबरला. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, तोवर हल्ले सुरू झाले होते. आणि ही दुरुस्तीही अपुरी निघाली. सांकेतिक टिंबातली अक्षरं पुन्हा एकदा सांकेतिक केली, म्हणजे बुरख्यावर बुरखा चढवला, की तीच वाट पुन्हा मोकळी. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आली तेव्हा प्रकरण मिटलं. तीन आठवड्यांत तीन आवृत्त्या. भोक सापडलं ते फक्त ४९ आणि ५० या क्रमांकांत, त्यामुळे ‘नेहमी ताजी आवृत्ती ठेवा’ हा शहाणपणाचा सल्ला पाळणारेच पहिल्यांदा अडचणीत आले.

या प्रसंगावरून ‘बघा, फुकटचं ते फुकटचंच’ असा निष्कर्ष काढणारे लेख तेव्हा आले. तो निष्कर्ष आळशी आहे. दोष कसा शिरला, कोणत्या ओळीत होता, दुरुस्ती का पुरली नाही, हे सगळं उघड्यावर आहे. बंद दाराआडच्या मालाचा असा हिशेब क्वचितच हाती लागतो. खरा धडा वेगळा आहे. तिघांचे होकार होते, संच होता, सह्या होत्या. पण अर्धं उघड आणि अर्धं सांकेतिक असा पत्ता कुणी विचारूनच पाहिला नाही. जो प्रश्न विचारला जात नाही, त्यावर कुठलाही संच पास होतो.

आणि इथे तामसीचा संबंध येतो. उघड इंग्रजी आणि सांकेतिक टक्के यांची सरमिसळ असलेले पत्ते रोज कोण वापरतं? आपण. ‘तामसी’ हा शब्द पत्त्यात गेला की त वेगळा, काना वेगळा, म, स आणि दीर्घ वेलांटी वेगळी. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा, प्रत्येक बाइट टक्क्यासह तीन खुणांचा. म्हणजे नुसता त लिहिताना टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का ए-चार. गावाच्या नावाच्या पाच घटकांच्या पंचेचाळीस खुणा होतात. तेलुगूतही तोच हिशेब.

आदिलाबाद जिल्ह्यात याहून मोठा दाखला आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं सापडली, हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांवर काम केलं आणि २०१८ साली ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने ती लिपी युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली. तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं, म्हणजे पत्त्यात बारा खुणांचं. या लिपीत फाइलीला नाव द्या, सर्व्हरवर ठेवा आणि मागून पाहा. अशी मागणी दुसऱ्या गोलार्धातला चाचणीकार करणार नाही. त्याला सुचणारही नाही.

आणखी एक दाखला अगदी हाताशी आहे. लिनक्सवर अपाचीला फोल्डरमधल्या फाइलींची सजवलेली यादी दाखवायला सांगा. नावाच्या रकान्याची मूळ रुंदी २३ बाइट. नाव त्याहून लांब असेल तर पहिले वीस बाइट ठेवून पुढे दोन टिंबं आणि एक खूण लावतात. इंग्रजीत वीस बाइट म्हणजे वीस अक्षरं. ‘ग्रामपंचायत’ या नावाची पीडीएफ ठेवा: सहा घटकांचे अठरा बाइट झाले की दोन बाइट उरतात आणि सातवा घटक, म्हणजे अनुस्वार, मधोमध कापला जातो. पडद्यावर ‘ग्रामप’ आणि पुढे फुटका चौकोन. यादीचा अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं सेटिंगमध्ये सांगितलं नसेल, तर तेवढंही धड दिसत नाही. रुंदीच्या जागी तारांकन लिहिलं की भागतं, तशी सोय माहितीपत्रात दिलेली आहे. म्हणून कागदोपत्री हा दोष नाही. पण ज्याची भाषा कापली जाते, त्याने तो दोष म्हणून नोंदवला तर त्यात वावगं काय?

हा सर्व्हर चुकीच्या मागणीला ‘पान सापडलं नाही’ असं जे उत्तर देतो, त्याच्या तयार पाट्या जर्मन, जपानी, तुर्की, पोलिश अशा कित्येक भाषांत सोबत येतात. मराठी त्यात नाही. माहितीपत्राच्या अनुवादांतही नाही. यात कुणी अन्याय केलेला नाही. ज्यांनी लिहून दिलं, त्यांच्या भाषा आत गेल्या.

आदिलाबाद, किनवट, पांढरकवड्याच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुलं समोर बसली आहेत. त्यांच्यासाठी शेवटची विनंती. अधिकृत मत सदस्यांचंच मोजतात, पण उमेदवार आवृत्ती तपासून निकाल कळवायला कुणालाही मज्जाव नाही. पुढच्या वेळी मतदान पुकारलं की गाठोडं उतरवून घ्या, सही पडताळा, कन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल करा आणि चाचणीसंच चालवा. त्यानंतर तामसी, ग्रामपंचायत आणि गुंजाळा गोंडीतलं एखादं नाव अशा तीन फाइली स्वतः मागून पाहा. निकाल दोन ओळींत पाठवा: ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, कंपायलर कोणता, किती चाचण्या पास, किती नापास. नापास असतील तर कुठल्या, आणि नेमकी कोणती मागणी पाठवल्यावर, तेही लिहा.