खोटी पट्टी

आज सीसीआर-५ बद्दल बोलूया. हे जीन आपल्या ३ नंबरच्या क्रोमोसोमवर असतं. त्याचं प्रथिन पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेलं असतं, आणि एचआयव्ही आत शिरताना बहुतेकदा यालाच धरतो. ज्यांच्या जीनच्या दोन्ही प्रतींत ३२ अक्षरं गळालेली असतात, त्यांना लागण सहसा होत नाही, हे १९९६ मध्ये कळलं. बर्लिनमध्ये टिमथी ब्राऊन बरा झाला, तो अशाच दात्याच्या मूळपेशी मिळाल्यावर.

आता माझी फजिती. पीएचडीत मी या प्रथिनासाठी अँटिबॉडी मागवली. वेस्टर्न ब्लॉटवर हवी तिथे, ४० किलोडाल्टनजवळ, झकास पट्टी आली. तीन महिने मी त्या पट्टीवरून आलेख काढत बसले. मग लॅबमधल्या सीनियर ताईने विचारलं, "जीन काढून टाकलेल्या पेशी लावल्यास का गं?"

नव्हत्या लावल्या. लावल्या, तर पट्टी तिथेही तश्शीच! म्हणजे अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. (बाटलीवर नाव मात्र अगदी बरोबर हं!)

आता क्रिस्परने जीन तोडलेल्या पेशी माझ्या प्रत्येक ब्लॉटमध्ये पहिल्या लेनला असतात. ते आलेख थीसिसमध्ये गेले नाहीत. गाईडना हे सांगायला मात्र मला आणखी आठ दिवस लागले.