आमची पहिली युद्धनौका

(अभ्यासिकेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात अभ्यासिकेत आम्ही एक जहाज बांधले. ते सत्तेचाळीस सेंटिमीटर लांब आहे आणि आज आपल्यासमोर टेबलावर ठेवलेले आहे. आम्ही म्हणजे वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारे दोघे, शाळेत शिकवणारे एक आणि आठवी ते बारावीचे सात विद्यार्थी. आमच्यापैकी कोणी नाविक नाही, सुतार नाही, चित्रकारही नाही. आमच्यातील चौघांनी तर समुद्रही पाहिलेला नाही. अशा नवख्या माणसांनी केलेल्या कामाची हकीकत, त्यातील चुकांसह, आपल्यासमोर ठेवावी, असे अध्यक्षांनी सुचवले. म्हणून हे चार शब्द.

प्रथम प्रश्न असा येतो की, छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही, मग जहाज कुठून सुचले? मित्रहो, समुद्र नसला तरी आपल्या जिल्ह्यात जहाज आहे आणि ते सुमारे दीड हजार वर्षांपासून आहे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. शाळेच्या सहलीत आपण घाईघाईने त्याच्यासमोरून पुढे जातो. त्याच चित्राच्या आधारे भारतीय नौदलासाठी गोव्यात फळ्या दोरीने शिवून एक शिडाचे जहाज बांधण्यात आले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. ते बांधण्यापूर्वी मद्रासच्या आयआयटीच्या मदतीने त्याच्या लहान प्रतिकृतीवर पाण्यातील चाचण्या घेण्यात आल्या होत्या. म्हणजे प्रतिकृती हे केवळ शोकेसमधले खेळणे नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेतही जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याच्या स्पर्धा होतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आम्ही निवडलेले जहाज मात्र शिडाचे नव्हते. ते होते 'आयएनएस खुकरी'. इंग्लंडमध्ये बांधलेली ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट १९५८ साली आपल्या नौदलात आली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीने तिला बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, असे एकूण १९४ जण तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दीव येथील स्मारकात समुद्राकडे तोंड करून काचेच्या घरात खुकरीची प्रतिकृती ठेवलेली आहे.

आम्ही कामाला सुरुवात केली तेव्हा विहारातील एका वयोवृद्ध बाबांनी आम्हाला विचारले, "बाळांनो, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत युद्धनौका कशाला करता?" प्रश्न योग्य होता. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. "शिकायला मिळेल, बाबा," एवढेच आम्ही म्हणालो.

आता प्रत्यक्ष काम सांगतो. खुकरीची लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव मीटर आणि रुंदी सुमारे दहा मीटर. आम्ही १:२०० हे प्रमाण धरले. म्हणजे खऱ्या जहाजावरचा एक मीटर आमच्या टेबलावर पाच मिलिमीटर. लांबी सव्वासत्तेचाळीस सेंटिमीटर आणि रुंदी पाच सेंटिमीटर झाली. गणिताच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाणाचा धडा कंटाळवाणा वाटतो, परंतु पट्टी हातात घेऊन डोलकाठीची उंची काढायची वेळ आली तेव्हा आठवीच्या मुलांनीही तो आपणहून उघडला.

जहाजाचा सांगाडा आम्ही पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांपासून केला. सेंटिमीटरभर जाडीच्या चार फळ्या एकावर एक चिकटवायच्या आणि पाचवी फक्त पुढच्या भागावर, कारण खुकरीचा पुढचा डेक मागच्यापेक्षा उंच होता. मग रंध्याने आणि कानशीने आकार द्यायचा. डेकवरच्या खोल्या जाड पुठ्ठ्याच्या. तोफांच्या नळ्या टाचण्यांच्या. पाणबुडीवर स्फोटके फेकणाऱ्या तीन-तीन नळ्यांच्या दोन मॉर्टर होत्या. त्यांच्यासाठी विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या अगदी मापाच्या निघाल्या. बाकी सामान औरंगपुरा आणि गुलमंडीच्या दुकानांतून आणले. महागडे काहीच लागले नाही.

आणि इथेच आमची पहिली मोठी चूक झाली. फळ्या चिकटवण्यापूर्वी प्रत्येकीवर मधोमध रेघ मारून त्या रेघा जुळवायला हव्या होत्या. उत्साहाच्या भरात आम्ही नुसत्या कडा जुळवल्या. फेव्हिकॉल ओला असताना वर वजन ठेवले आणि मधली फळी सरकली. वाळल्यावर पाहिले तर जहाजाची डावी बाजू उजवीपेक्षा तीन मिलिमीटर फुगलेली. आम्ही ठरवले, लांबी भरून घासली की झाकले जाईल. लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, करड्या रंगाचे दोन हात दिले. समोरून जहाज छान दिसू लागले. आम्ही खूश झालो.

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. आमच्यातील नववीची एक विद्यार्थिनी टेबलापाशी खाली बसली, एक डोळा मिटून तिने जहाजाच्या मागच्या टोकाकडून पुढे पाहिले आणि म्हणाली, "सर, जहाज वाकडं आहे." कोणीतरी म्हणाले, "तीन मिलिमीटर कोणाला दिसणार आहेत?" त्यावर तिने फळ्यावर गणित मांडले. तीन गुणिले दोनशे, म्हणजे साठ सेंटिमीटर. खऱ्या जहाजात साठ सेंटिमीटरचा फुगवटा. मग ती म्हणाली, "ज्यांची माणसं या जहाजावर होती, त्यांना आपण हे दाखवणार का?"

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मोठी माणसे म्हणून आम्हाला लाज वाटली, हे आज उघडपणे कबूल करतो. दोष आम्हाला माहीत होता आणि आम्ही त्यावर रंग मारला होता. त्या संध्याकाळी सर्वानुमते ठरले की, सांगाडा पुन्हा करायचा.

दुसऱ्या वेळी काम निम्म्या वेळात झाले. पुठ्ठा मधोमध दुमडून त्यावर जहाजाची अर्धीच बाह्यरेषा काढली आणि दुमडलेलाच कापला. उलगडल्यावर दोन्ही बाजू आपोआप सारख्या निघाल्या. तो साचा ठेवून प्रत्येक फळी आखली. मधल्या रेघा जुळवल्या, दोन्ही टोकांना बारीक खिळे मारून फळ्या पक्क्या केल्या आणि मगच चिकटवल्या.

रंगकामाविषयी नवख्यांसाठी काही गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, रंगाचा एक जाड हात देण्याऐवजी तीन पातळ हात द्यावेत. जाड रंगाचे ओघळ येतात आणि बारीक काम बुजून जाते. दुसरी, आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. श्रावणात पाऊस पडत असताना आम्ही घाईने वॉर्निशचा फवारा मारून पाहिला, तर हवेतल्या ओलीने त्यावर पांढुरकी झाक आली. नशिबाने तो सांगाडा जुना, वाकडाच होता. उन्हाची वाट पाहणे हेसुद्धा कामच आहे, हे तेव्हा कळले. तिसरी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नाकातोंडाला मास्क लावावा. थिनरचा वास लहान मुलांच्या छातीत जाऊ देऊ नये.

जहाज करडे का असते, हे मुलांनी विचारले. समुद्रावरच्या धूसर हवेत ते दुरून लवकर नजरेस पडू नये म्हणून. पाण्याखालचा भाग बहुधा तांबूस रंगवतात, कारण तिथे शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात पूर्वापार तांब्याची संयुगे वापरत आले आहेत. या दोन रंगांच्या मध्ये पाण्याच्या पातळीशी काळा पट्टा असतो. तो सरळ काढण्याची युक्ती सोपी आहे. जहाज काचेवर सपाट ठेवावे, लाकडी ठोकळ्यावर हव्या त्या उंचीला पेन्सिल बांधावी आणि ठोकळा जहाजाभोवती फिरवावा. मग रेघेवर चिकटपट्टी लावावी. पट्टीच्या कडेवरून आधी करड्याच रंगाचा पातळ हात फिरवला, तर काळा रंग खाली झिरपत नाही.

शेवटी बाजूला तिचा क्रमांक एफ १४९ लिहिला आणि जहाज पूर्ण झाले. तेव्हा त्याच विद्यार्थिनीने विचारले, "यावर माणसं नकोत का?" १:२०० या प्रमाणात माणसाची उंची साडेआठ मिलिमीटर होते आणि खांद्यांची रुंदी सुमारे अडीच मिलिमीटर. मुलांनी जाड कागदाच्या १९४ आकृत्या कापायला घेतल्या. चार संध्याकाळी लागल्या. इतक्या आकृत्या डेकवर मावेनात, म्हणून त्या जहाजासमोर एका पट्टीवर खांद्याला खांदा लावून उभ्या केल्या. रांग पुढच्या टोकापासून सुरू झाली आणि मागच्या टोकाच्याही किंचित पुढे जाऊन संपली. जहाजाच्या लांबीएवढी माणसांची रांग! हे आम्ही ठरवून केले नव्हते. तो साध्या मापाचा हिशेब होता, परंतु तो पाहून आम्ही सारे स्तब्ध झालो. १९४ हा आकडा आम्ही कितीदा वाचला होता, पण तो डोळ्यांनी पाहिला त्या दिवशी.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या प्रदर्शनात आम्ही तीन वस्तू मांडल्या. मध्ये जहाज, त्याच्यासमोर ती रांग आणि शेजारी पहिला वाकडा सांगाडा. त्यावर चिठ्ठी लावली, 'ही आमची चूक'. ते वयोवृद्ध बाबा आले. त्यांनी चष्मा पुसला आणि रांगेवरून बोट फिरवत ते मोजू लागले. साठ-सत्तरपर्यंत मोजून थांबले. "सगळे?" त्यांनी विचारले. मुलीने मान हलवली. बाबांनी आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांनी खुर्ची मागवली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून ते येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "आधी रांग बघा, मग जहाज बघा."

विद्यार्थी मित्रहो, युद्धनौकेची प्रतिकृती केल्याने युद्धाची हौस वाढते असे आम्हाला आढळले नाही. उलट, हाताने मोजून काम केले की युद्धाची किंमत मापात समजते. आणि आपली चूक रंगाखाली झाकता येत नाही, हे तर आम्ही मोठेच शिकलो. पुढच्या वर्षी अजिंठ्याचे जहाज करण्याचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. सोबत पट्टी, पेन्सिल आणि धीर एवढेच आणावे. लाकूड आमच्याकडे आहे.